पाहणं आणि दिसणं : 'क्रॉइट्झर सोनाटा' पुन्हा वाचताना

मागच्या व्याख्यानानंतर आमच्याकडे ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यांतली एक आम्ही बाजूला काढून ठेवली. त्या दिवशी आपण डोंगरावरील प्रवचनातला खुनाविषयीचा भाग वाचला होता. खुनाची सुरुवात मनातल्या रागापाशी होते असं येशू जिथे सांगतो, तो भाग. चिठ्ठी मात्र त्याच्या पुढच्या भागाविषयी होती. खाली नाव नव्हतं. मजकूर एवढाच : 'मनाच्या शुद्धतेवर आमच्याकडे जेव्हा जेव्हा कुणी बोलतं, तेव्हा बोलणं शेवटी आम्हा मुलींच्या कपड्यांवर का येतं?'

हा प्रश्न आम्हाला टाळता आला असता. ठरल्याप्रमाणे आजचा विषय टॉल्स्टॉयची 'क्रॉइट्झर सोनाटा' हा आहे, आणि वेळही थोडाच असतो. पण गंमत अशी की टॉल्स्टॉयने या कथेच्या माथ्यावर जी दोन अवतरणं टाकली आहेत, त्यांतलं पहिलं नेमकं याच पुढच्या भागातलं आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 5वा अध्याय, 28वं वचन. म्हणजे चिठ्ठी आणि पुस्तक एकाच दाराशी येऊन उभी आहेत. तेव्हा आधी वचन बघू, मग कथेकडे जाऊ.

वचनाचा आशय तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. व्यभिचार करू नको ही जुनी आज्ञा. येशू म्हणतो, वासना धरून परस्त्रीकडे पाहिलंस तिथेच मनात ती आज्ञा मोडली गेली. लगेच पुढे ते भयंकर वाटणारं बोलणं येतं : डोळा पापाला कारण होत असेल तर तो काढून टाक. आता हे जरा सावकाश वाचा. या सगळ्या भागात काही करणारा माणूस एकच आहे, तो म्हणजे पाहणारा. स्त्री वाक्यात आहे, पण ती काहीच करत नाही. तिने काय नेसलंय, ती कुठे उभी आहे, एकटी आहे का, कोणत्या घरची आहे, यावर एक अक्षर नाही. आणि उपाय सांगितलाय तो कुणाच्या शरीरावर? पाहणाऱ्याच्याच. तिला झाका, तिला आत बसवा, असं तिथे लिहिलेलं नाही. डोळा काढण्याची भाषा अर्थातच अतिशयोक्तीची आहे. पण अतिशयोक्तीलाही दिशा असते, आणि ही दिशा आपल्या वाचनात आपण उलटी करून ठेवली आहे.

मूळ ग्रीक शब्दांकडे थोडं बघितलं तर आणखी काही हाती लागतं. 'पाहतो' या क्रियापदाला जोडून जी रचना येते ती हेतू सांगणारी आहे. म्हणजे 'वासना धरता यावी म्हणून पाहतो'. आपल्या मराठीत हा फरक फार सोपा आहे. एखादी व्यक्ती दिसते, आणि आपण एखाद्या व्यक्तीकडे पाहतो. दिसणं आपल्या हातात नाही. रस्त्याने जाताना माणसं दिसणारच, सुंदर माणसं सुंदरच दिसणार. वचन बोलतंय ते पाहण्याबद्दल, त्यातही एका विशिष्ट पाहण्याबद्दल. 'वासना' म्हणून आपण जे भाषांतर करतो ते ग्रीक क्रियापद जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात दहाव्या आज्ञेत येतं : शेजाऱ्याच्या घराचा, बायकोचा, दासाचा, बैलाचा, गाढवाचा लोभ धरू नको. म्हणजे हा लोभ आहे. समोरच्या जिवंत माणसाला नजरेने मालमत्तेच्या यादीत नेऊन बसवणं. आणि 'मन' किंवा 'अंतःकरण' हा शब्दही त्या जगात नुसता भावनेचा नव्हता. माणूस जिथे विचार करतो आणि ठरवतो ती ती जागा. तिथे काही ठरलं की गोष्ट घडायला फक्त संधीची वाट असते.

याच अध्यायात, वीस वचनं आधी, शुद्ध अंतःकरणाच्या माणसांना येशू धन्य म्हणतो. त्यांना काय मिळणार? त्यांना देव दिसणार. लक्षात घ्या, दोन्हीकडे अंतःकरण आहे आणि दोन्हीकडे डोळे आहेत. शुद्ध अंतःकरणाचं फळ म्हणून इथे नीट दिसू लागणं सांगितलंय. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे, आणि ते आम्ही टॉल्स्टॉयच्या कथेवर घासून बघणार आहोत.

पण आपली एक अडचण आहे. 'शुद्ध' हा शब्द मराठी कानावर पडला की आधी सोवळं आठवतं. विटाळ, शिवाशीव, वाळत घातलेलं धोतर. सोवळ्यात घाण बाहेरून येते, ती लागते, म्हणून लांब राहायचं, लांब ठेवायचं. आता मार्काचा 7वा अध्याय काढा. तिथे हात न धुता जेवण्यावरून वाद झालाय, आणि येशू सांगतो की बाहेरून आत जाणारं काही माणसाला विटाळवत नाही, आतून बाहेर येतं ते विटाळवतं. आतून येणाऱ्या गोष्टींच्या यादीत व्यभिचार आहे, खून आहे, लोभ आहे. म्हणजे सोवळ्याच्या कल्पनेवर ज्याने घाव घातला, त्याच्याच नावाने पुन्हा स्त्रीला ओवळं ठरवायचं, असा हा प्रकार. आणि हा आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांचाच दोष आहे असं मुळीच नाही. युरोपात तो जुना आहे.

इथे संत ऑगस्टीनकडे थोडं वळावं लागेल. ख्रिस्ती परंपरेत लैंगिकतेविषयी जी एक कायमची धास्ती आहे तिचं खापर बहुतेक वेळा याच्यावर फुटतं, आणि ते अगदीच अन्यायाने फुटतं असंही नाही. पण या वचनावरचं त्याचं भाष्य वाचलंत तर चकित व्हाल. तो पाप घडण्याच्या तीन पायऱ्या सांगतो : मनात एखादी गोष्ट सुचते, मग तिची गोडी वाटते, मग मन तिला होकार देतं. सुचण्याला तो व्यभिचार म्हणत नाही. आणि वचनातला हेतूदर्शक भागही त्याच्या नजरेतून सुटलेला नाही. ज्यांना प्रत्येक विचाराची भीती वाटते, रात्री स्वप्न पडलं तरी सकाळी अपराधी वाटतं, अशा मुलामुलींना हे कुणीतरी सांगायला हवं होतं. त्याच ठिकाणी तो एक सुंदर तुलना करतो. येशूने तीन मृतांना उठवलं : एक मुलगी घरातच होती, एका तरुणाची तिरडी वेशीबाहेर निघाली होती, आणि लाजर थडग्यात होता. मनातलं पाप, कृतीतलं पाप, सवयीचं पाप. तिघंही उठले, हे विसरू नका.

याच ऑगस्टीनने पुढे 'ईश्वरनगरी' लिहायला घेतली ती 410 साली गॉथ लोकांनी रोम लुटल्यानंतर. लुटीत स्त्रियांवर अत्याचार झाले होते. त्या स्त्रियांचं काय, हा प्रश्न पहिल्याच भागात त्याच्यापुढे आहे. रोमन परंपरेचा आदर्श होता लुक्रेशिया, अत्याचारानंतर स्वतःला संपवणारी. ऑगस्टीन सरळ सांगतो की शुद्धता मनाच्या निश्चयात असते. दुसऱ्याने शरीरावर केलेल्या बळजबरीने ती जात नाही. म्हणून या स्त्रियांनी मरायचं कारण नाही. पंधरा-सोळाशे वर्षांपूर्वी ! आणि आपली वर्तमानपत्रं कालपरवापर्यंत 'अब्रू लुटली' असं छापत होती. अब्रू गेली ती कुणाची, हे त्या दोन शब्दांतच ठरून जातं. पंडिता रमाबाईंनी केडगावला, समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी, कृपासदन उभं केलं, तेव्हा त्या ऑगस्टीनच्या याच बाजूला उभ्या होत्या असं म्हणता येईल.

अर्थात तोच ऑगस्टीन पुढे चाचपडतो. त्या स्त्रियांच्या मनात आपल्या शुद्धतेचा सूक्ष्म गर्व तर नव्हता ना, असा प्रश्न त्याला पडतो, आणि आपल्याला पुस्तक मिटून ठेवावंसं वाटतं. त्याच्या 'कबुलीजबाबा'त तर याहून मोठी गोष्ट आहे. ज्या स्त्रीबरोबर त्याने तारुण्याची कितीतरी वर्षं काढली, जी त्याच्या मुलाची आई, तिला एका चांगल्या स्थळासाठी परत आफ्रिकेला पाठवलं गेलं. आपलं काळीज फाटलं असं तो लिहितो, ते खोटं वाटत नाही. पण एवढ्या मोठ्या पुस्तकात, स्वतःच्या मनाचा कोपरान् कोपरा धुंडाळणाऱ्या पुस्तकात, तिचं नाव येत नाही. मुलाचं येतं, मित्रांची येतात, आईचं येतं. तिचं नाही.

बिननावाच्या या बाईला मनात ठेवून आता टॉल्स्टॉयकडे या.

'क्रॉइट्झर सोनाटा' 1889 साली पूर्ण झाली. आगगाडीचा डबा, लांबचा प्रवास. प्रवाशांत लग्न आणि घटस्फोट यावर वाद चाललाय. एक म्हातारा व्यापारी म्हणतो की बाईला धाक हवा. हाच म्हातारा थोड्या वेळापूर्वी जत्रेतल्या आपल्या रंगेलपणाच्या गोष्टी चवीने सांगत होता. त्याची आठवण करून दिल्यावर म्हणतो, ती गोष्ट वेगळी. टॉल्स्टॉय पुढे जे शंभर पानं सांगणार आहे ते या एका उत्तरात त्याने आधीच सांगून टाकलंय. मग व्यापारी उतरतो, आणि कोपऱ्यात बसलेला, अकाली पिकलेला, कडक चहा पीत राहणारा पॉझ्दनिशेव बोलू लागतो. त्याने आपल्या बायकोचा खून केलेला आहे.

त्याच्या बोलण्याचा पहिला भाग आम्हाला आजही जगातल्या श्रेष्ठ नैतिक लेखनात गणावासा वाटतो. सोळा वर्षंही पूर्ण झाली नव्हती तेव्हा तो वेश्यागृहात नेला गेला. कुणीही त्याला अडवलं नाही. वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने ती निरुपद्रवी मौज, डॉक्टरांच्या दृष्टीने तब्येतीला चांगलं. आणि मग तो व्यभिचाराची व्याख्या करतो. तो म्हणतो, शारीरिक कृतीत बदफैली नसते; जिच्याशी शरीरसंबंध ठेवला तिच्याशी असलेल्या नैतिक नात्यातून स्वतःला मोकळं करून घेणं, ही खरी बदफैली. त्याला एक प्रसंग आठवतो. एका स्त्रीने बहुधा प्रेमापोटीच त्याला जवळ केलं होतं, आणि तिला पैसे द्यायचे राहून गेले. तो बेचैन. शेवटी पैसे पाठवले तेव्हा कुठे जिवाला स्वस्थता. पैसे म्हणजे काय, तर तू माझी कुणी नाहीस याची पावती. 28व्या वचनावरचं याहून चांगलं भाष्य आम्ही वाचलेलं नाही.

पण पुढे काय होतं ते बारकाईने बघा. लग्नाआधीचा प्रसंग येतो. नौकाविहार, चांदणं, तिच्या अंगावरची घट्ट बसणारी जर्सी, तिच्या केसांच्या बटा. तेवढ्यावर तो ठरवतो की ही नीतीचा कळस आहे. चूक त्याची आहे, हे त्याला कळतंही. तरी सांगता सांगता वाक्यं सरकू लागतात. जर्सी हा सापळा होतो. शिंपिणी, आया, नाचाच्या मेजवान्या, सगळे मिळून पुरुषाला पकडतात. मग पाच मुलं झाल्यावर डॉक्टर तिला आणखी मुलं नकोत म्हणून उपाय सांगतात, तिची तब्येत सुधारते, ती पुन्हा सुंदर दिसू लागते. नवऱ्याला याची भीती वाटते ! ती दिसते, हाच तिच्यावरचा आरोप. मग संगीत आरोपी होतं. व्हायोलिन वाजवणाऱ्या त्रुखाचेव्स्कीला घरी या, वाद्य घेऊन या, असं आग्रहाने सांगणारा पॉझ्दनिशेव स्वतः आहे. बीथोव्हेनचा सोनाटा दोघांनी मिळून वाजवला तेव्हा दोषी मात्र बीथोव्हेन. ज्या माणसाने सुरुवातीला पाहणाऱ्याचा डोळा इतका अचूक दाखवला, तो शेवटी सगळं जग दोषी धरतो, स्वतःचा डोळा सोडून.

बायकोने खरोखर काही केलं होतं का? कथा ते सांगत नाही, आणि आम्हाला हे टॉल्स्टॉयच्या कलावंतपणाचं सर्वांत मोठं लक्षण वाटतं. पॉझ्दनिशेव रात्री अवचित परत येतो, दोघांना जेवणाच्या टेबलाशी बसलेलं पाहतो. बूट काढतो, भिंतीवरचा खंजीर घेतो. तो पळणाऱ्या त्रुखाचेव्स्कीच्या मागे धावत नाही, का? तर पायांत नुसते मोजे आहेत. मोजे घालून बायकोच्या प्रियकरामागे धावणं हास्यास्पद दिसेल, आणि त्याला भयंकर दिसायचंय. त्या क्षणीही त्याला काळजी स्वतःच्या दिसण्याची. कोर्टाने पुढे त्याला निर्दोष सोडलं. दुखावलेल्या नवऱ्याने आपल्या अब्रूसाठी केलेलं कृत्य म्हणून. तिथेही अब्रूच.

1890 मध्ये टॉल्स्टॉयने या कथेला एक उपसंहार जोडला. वाचकांची पत्रं येत होती, तुम्हाला नेमकं म्हणायचंय काय? उपसंहारात तो म्हणतो की ब्रह्मचर्य हाच ख्रिस्ती आदर्श, लग्नातही. नियम आणि आदर्श यांतला फरक तो फार छान सांगतो : किनाऱ्याजवळच्या नावाड्याला किनाऱ्यावरच्या खुणा पुरतात, भर समुद्रात मात्र होकायंत्र लागतं. दृष्टांत चांगला आहे, आम्ही तो इतरत्र वापरलाही आहे. पण हा उपसंहार लिहिणाऱ्याने स्वतःची कथा नीट वाचली होती का, अशी शंका येते. कथेतला दोष पाहण्याचा होता. उपसंहाराने तो शरीरावर ढकलला. कथेचं दुसरं अवतरण मत्तयाच्या 19व्या अध्यायातलं, स्वर्गराज्यासाठी नपुंसक झालेल्यांविषयीचं आहे. ऑरिजेन नावाच्या थोर धर्मपंडिताने ते अक्षरशः घेऊन तरुणपणी स्वतःला खच्ची केलं, असं चर्चचा जुना इतिहासकार युसेबियस सांगतो. त्याच ऑरिजेनने उतारवयात मत्तयावर भाष्य लिहिलं तेव्हा असा शब्दशः अर्थ घेणं चूक ठरवलं. टॉल्स्टॉयचा प्रवास उलट्या दिशेने झाला. चेखॉव्ह आधी या कथेने भारावला होता. साखालिनच्या कैद्यांच्या बेटावर जाऊन आल्यावर त्याला ती हास्यास्पद वाटू लागली. आम्ही तितकं जाणार नाही, पण त्याला काय झालं असेल ते समजतं.

आणि घरात काय चाललं होतं? सोफिया 18 वर्षांची असताना 34 वर्षांच्या टॉल्स्टॉयशी तिचं लग्न झालं. लग्नाच्या तोंडावर त्याने तिला आपल्या डायऱ्या वाचायला दिल्या, सगळ्या जुन्या संबंधांसकट. त्याचं मन हलकं झालं. ते ओझं तिने जन्मभर वागवलं. पॉझ्दनिशेवही हेच करतो. 1888 मध्ये, या कथेचं काम चालू असताना, टॉल्स्टॉय दांपत्याला तेरावं मूल झालं. कथेची हस्तलिखितं उतरवून काढण्याचं काम सोफियाच्याच वाट्याला. लोक कथेतल्या बायकोत तिला शोधू लागले. रशियात कथेवर बंदी आली, तेव्हा 1891 मध्ये झार तिसरा अलेक्झांडर याला भेटून ती बंदी सैल करून घेणारीही हीच सोफिया. कथा नवऱ्याच्या समग्र ग्रंथांच्या 13व्या खंडात छापायची परवानगी तिने आणली. तिने असं का केलं असेल, यावर खूप लिहिलं गेलंय. आम्हाला वाटतं, ही कथा माझ्यावर नाही हे जगाला दाखवण्याचा तिच्यापाशी तेवढाच रस्ता होता.

मग तिने स्वतः एक कादंबरिका लिहिली, 'दोष कुणाचा?' या नावाची. तिच्यातही नवरा बायकोला मारतो, कागदांवर ठेवायचं वजन फेकून. पण इथे बायकोला नाव आहे, आन्ना, आणि आपण सगळं तिच्या बाजूने बघतो. ही कादंबरिका रशियात छापली गेली 1994 साली, लिहिल्यानंतर शंभर वर्षांनी. वाङ्मय म्हणून ती नवऱ्याच्या कथेच्या जवळपासही येत नाही, हे कबूल केलं पाहिजे. आन्ना जरा जास्तच निर्मळ आहे. पण 'क्रॉइट्झर सोनाटा' शिकवताना ती शेजारी ठेवली नाही, तर आपणही पॉझ्दनिशेवच्याच डब्यात बसून राहतो. त्याच्या कथनात ती 'माझी बायको' असते, शेवटपर्यंत.

आता चिठ्ठी. बोलणं शेवटी कपड्यांवर का येतं? आमचं उत्तर असं की मनाला मोजपट्टी लावता येत नाही, आणि ओढणीला येते. ज्यांना शुद्धतेची व्यवस्था चालवायची असते, मग ते घर असो, संस्था असो, धर्मपीठ असो, त्यांना मोजता येईल असं काहीतरी हवं असतं. डोंगरावरच्या प्रवचनाने जबाबदारी अशा जागी नेऊन ठेवली जिथे दुसऱ्या कुणाचा हात पोचत नाही. ते फार अवघड जातं, म्हणून बोलणारा हळूच विषय बदलतो. विचारणाऱ्या मुलीने पुढच्या वेळी बोलणाऱ्याला जरूर विचारावं, की वचनात ही बाई काय करतेय ते दाखवा. आम्ही वक्ते आहोत, आम्हालाही विचारावं.

कथेचं शेवटचं पान आम्ही राखून ठेवलं होतं. खून झाल्यावर पॉझ्दनिशेवला मरत्या बायकोच्या खोलीत बोलावतात. तो मुलांकडे बघतो, मग तिच्या चेहऱ्याकडे. तिचा चेहरा सुजलाय, काळानिळा पडलाय, सौंदर्य काही उरलेलं नाही. आणि तेव्हा पहिल्यांदा तो स्वतःला, आपल्या हक्कांना, आपल्या अभिमानाला विसरतो, आणि त्याला तिच्यात एक माणूस दिसतं. इतकी वर्षं संसार, पाच मुलं, आणि आज दिसलं. ती त्याला क्षमा करत नाही. तिच्या तोंडी टॉल्स्टॉयने क्षमेचं वाक्य घातलं नाही, याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत.

मग पहाट होते. गोष्ट ऐकणारा प्रवासी उतरायच्या आधी पॉझ्दनिशेवच्या हाताला हात लावून निरोप घेतो, 'प्रोश्चायते' म्हणतो. पॉझ्दनिशेव उत्तर देतो ते 'प्रोस्तीते' असं. रशियनमध्ये दोन्ही शब्द एकाच धातूचे. पहिल्याचा अर्थ निरोप, दुसऱ्याचा क्षमा करा. आमच्या एका भाषांतरकार स्नेह्यांनी या शब्दापाशी तीन दिवस घालवले. आपल्याकडे निरोप घेताना आपण 'येतो' म्हणतो. पॉझ्दनिशेवच्या तोंडी ते घालता येईना, म्हणून शेवटी त्यांनी तो रशियन शब्दच तसाच ठेवला.